परतीचा प्रश्न: गिरणगाव, स्थलांतर आणि समकालीन दृश्यकला

१

'डायस्पोरा' ह्या संज्ञेला मराठीत अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द लाभलेला नाही. 'देशांतर', 'परागंदा होणे', 'विखुरलेपण' असे पर्याय योजले जातात. पण प्रत्येकातून मूळ संकल्पनेचा एखादा पदर निसटतो. ग्रीक भाषेत बी विखुरण्याच्या क्रियेशी निगडित असलेला हा शब्द ज्यूंच्या परागंदा इतिहासामुळे रूढ झाला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस सांस्कृतिक अभ्यासाच्या क्षेत्रात मध्यवर्ती ठरला. स्टुअर्ट हॉल यांनी १९९० मधील आपल्या निबंधात सांस्कृतिक अस्मितेकडे पाहण्याच्या दोन रीती सांगितल्या. एका रीतीत अस्मिता ही भूतकाळात दडलेली, केवळ शोधून काढायची वस्तू असते. दुसरीत ती इतिहासाच्या ओघात घडत राहणारी प्रक्रिया असते. मुंबईतच वाढलेल्या होमी भाभांनी पुढे ह्याच विचाराला 'मधल्या अवकाशा'चे परिमाण दिले. मात्र ह्या सगळ्या चर्चेत स्थलांतर म्हणजे समुद्रापारचे, निदान राष्ट्राच्या सीमेपलीकडचे, असे गृहीत धरलेले असते.

मराठीला स्थलांतरिताचे स्वतःचे नाव आहे, ते म्हणजे 'चाकरमानी'. हा शब्द गावाच्या बाजूने उच्चारला जातो हे ध्यानात घ्यावे. मुंबईत त्या माणसाला कोणी चाकरमानी म्हणत नाही. तिथे तो कोकणी असतो, घाटी असतो, गिरणीत जॉबर किंवा साचेवाला असतो. गणपतीला किंवा शिमग्याला तो गावच्या वाटेवर उतरतो तेव्हा चाकरमानी होतो. ही ओळख परतण्याच्या क्रियेत सिद्ध होते. विद्यापीठीय चर्चेतील डायस्पोरा आणि चाकरमानी यांच्यातील फरक अंतराचा नाही, परतीचा आहे. पहिल्याच्या बाबतीत परतणे हे बहुधा स्वप्न असते, दुसऱ्याच्या बाबतीत ते दरवर्षीचे कर्तव्य.

दक्षिण व मध्य मुंबईच्या, म्हणजे गिरगाव, लालबाग, परळ, दादर ह्या पट्ट्याच्या इतिहासाशी भिडणाऱ्या समकालीन दृश्यकलेचा विचार ह्या परतीच्या प्रश्नावरून करावा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. आपल्याकडे ह्या कलेची चर्चा 'आतला' आणि 'बाहेरचा' ह्या द्वंद्वात अडकते: चित्रकार कामगारवर्गातला आहे की मध्यमवर्गीय, मराठी आहे की अमराठी, इथला आहे की परदेशस्थ. ही चौकशी निरर्थक नाही; पण तिच्यातून कलाकृतीचे मोल ठरत नाही. ज्या इतिहासात परतण्याचा अर्थच उलटापालटा झाला, त्या इतिहासाला कलाकृती कशी सामोरी जाते, ह्यावर तिचा कस लागतो.

२

ही उलथापालथ समजून घेण्यासाठी इतिहासाची थोडी उजळणी आवश्यक आहे. कावसजी दावरांची ताडदेव येथील गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. पुढच्या अर्धशतकात भायखळ्यापासून परळपर्यंतचा प्रदेश गिरण्यांनी व्यापला आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर ह्या जिल्ह्यांतून माणसांचा ओघ सुरू झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या कामगारांतील सर्वांत मोठा गट रत्नागिरी जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतला होता. पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांनी भरलेला गाळा, बायांनी चालवलेली खाणावळ, एकेका गावाचे मंडळ, भजनी मंडळे, शक्ती-तुऱ्याचे सामने, दशावतार, कामगार रंगभूमीवरील नाटके ह्या सर्वांतून गिरणगावाने गावाचे एक दुसरे रूप मुंबईत उभे केले. धोबीतलाव परिसरातील गोवेकरांच्या 'कूड' ह्याच व्यवस्थेचे निराळे रूप होत. एकेका गावाच्या नावाने चालणाऱ्या ह्या कुडांत बोटीवर नोकरी शोधणारा दर्यावर्दी आपल्या ट्रंकेसह मुक्काम करी.

हे पहिले विस्थापन होते. त्याची भाषा मराठीत विपुल आहे. अण्णा भाऊ साठ्यांच्या लावणीत गावी राहिलेली मैना आहे. नारायण सुर्व्यांच्या कवितेत शहर हेच विद्यापीठ झाले. विरह, पत्र, मनीऑर्डर, बोट आणि एसटी यांतून ह्या अनुभवाला आकार मिळाला. त्या आकाराच्या मुळाशी परतण्याची शाश्वती होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. हा संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला. त्या काळात हजारो कामगार गावी गेले, पण ते चाकरमानी म्हणून नव्हे. सणाला सामान घेऊन येणारा माणूस आता रिकाम्या हाताने, मुक्कामाची मुदत न सांगता आला. परतणे हा पराभव ठरला. ह्यानंतर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाला वाट करून दिली. त्यात महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात जमिनीच्या वाटणीची तरतूद होती. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. २०१२ पासून म्हाडाच्या सोडतींतून त्यांतील थोड्यांनाच घरे लाभली आणि त्यांपैकी काही पनवेलजवळच्या कोनसारख्या ठिकाणी. हे दुसरे विस्थापन. ह्यात जाणाऱ्याला 'गाव' म्हणून परतायला गिरणगावही शिल्लक नाही.

ह्या दुसऱ्या विस्थापनाची भाषा घडायला वेळ लागला. साहित्यात जयंत पवारांच्या 'अधांतर'ने (१९९७) ती प्रथम सामर्थ्याने उच्चारली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मौखिक इतिहासाने कामगारांचे स्वतःचे कथन ग्रंथबद्ध केले. दृश्यकलेत ही भाषा कशी घडली, ह्याची मराठी समीक्षेने पुरेशी दखल घेतलेली नाही. द. ग. गोडसे आणि प्रभाकर बरवे ह्यांनी मराठीत चित्रविचाराची जी वाट घातली, तिच्यावर साहित्यसमीक्षक क्वचितच चालले. परिणामी मुंबईविषयीच्या चित्रांचे अर्थनिर्णयन इंग्रजी कॅटलॉगांवर सोपवले गेले.

३

सुधीर पटवर्धन यांचे उदाहरण प्रथम घेणे क्रमप्राप्त आहे. १९४९ मध्ये पुण्यात जन्मलेले पटवर्धन वैद्यकीय शिक्षण घेऊन १९७३ मध्ये मुंबईत आले आणि पुढे तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत चित्रे काढत राहिले. १९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' ह्या प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि जोगेन चौधरी यांच्यासह त्यांची चित्रे होती. माणसाला आणि त्याच्या ठिकाणाला चित्रात पुन्हा जागा देण्याची त्या प्रदर्शनाची भूमिका पटवर्धनांच्या बाबतीत जितकी अक्षरशः खरी ठरली, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाच्या बाबतीत.

त्यांच्या आरंभीच्या चित्रांत, म्हणजे 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७) किंवा 'ट्रेन' (१९८०) यांत, माणूस चित्रचौकट व्यापतो. त्याचे शरीर वजनदार आहे, थकलेले आहे, पण ते आपली जागा राखून आहे. हा माणूस कुठून आला हे चित्र सांगत नाही. त्याच्या अंगावर गावाची कोणतीही खूण चित्रकार लावत नाही. धोतर-टोपीच्या, डोक्यावरच्या गाठोड्याच्या परिचित सांकेतिकतेला इथे थारा नाही. ह्या संयमाचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. शहरातील श्रमिकाला 'गावाकडचा' म्हणून रंगवणे म्हणजे त्याला शहराच्या मालकीतून वगळणे होय. पटवर्धनांनी त्याला शहराचा रहिवासी म्हणून रंगवले. संपाच्या आदल्या वर्षीचे 'ॲक्सिडेंट ऑन मे डे' (१९८१) हे चित्र कामगारदिन आणि अपघात यांना शीर्षकातच एकत्र आणते. आज पाहणाऱ्याला त्यात पुढच्या घटनांचे सूचन जाणवते. पण ते सूचन आपण इतिहासातून चित्रात नेलेले आहे, हेही मान्य करावे लागते.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून, 'टाउन' (१९८४) ह्या चित्रापासून पुढे, त्यांच्या चित्रांत एक मोठे स्थित्यंतर दिसते. माणूस लहान होतो आणि भूप्रदेश मोठा होतो. अनेक दृष्टिबिंदूंतून जुळवलेला विस्तीर्ण देखावा, त्यात घरे, रस्ते, पूल, रूळ, आणि त्यांच्यामधून वाट काढणारी माणसे. 'लोअर परेल' (२००१) हे ह्या प्रवासातील महत्त्वाचे नगरदृश्य. त्याच्या निर्मितीचे साल विसरून चालणार नाही. त्याच वर्षी ५८ व्या नियमात दुरुस्ती झाली. त्याच वर्षी लंडनच्या टेट मॉडर्नमधील 'सेंच्युरी सिटी' प्रदर्शनात १९९२ ते २००१ ह्या काळातील मुंबईला स्वतंत्र दालन मिळाले. शहर जगाच्या कलादालनांत दाखल होत होते आणि त्याच घडीला त्याचा मधला भाग त्याच्या रहिवाशांच्या हातून जात होता.

पटवर्धनांच्या ह्या चित्रांवर एक आक्षेप घेतला जाऊ शकतो. दूर जाऊन, उंचीवरून पाहण्याच्या ह्या रीतीत कामगार व्यक्ती म्हणून विरघळतो आणि उरतो तो 'परिसर'. आक्षेपात तथ्य आहे. पण दुसऱ्या विस्थापनाचे स्वरूपच असे आहे, की ते व्यक्तीच्या चेहऱ्यावर दिसत नाही. ते जमिनीच्या वापरात दिसते. पहिले विस्थापन चित्रित करायला माणूस पुरतो, दुसरे चित्रित करायला नकाशा लागतो. पटवर्धनांचे नगरदृश्य हा तो नकाशा आहे. मात्र त्यात अनेक दृष्टिबिंदू ठेवल्यामुळे तो मालकाचा किंवा नगररचनाकाराचा नकाशा होत नाही. पाहणाऱ्याला एका जागी स्थिर उभे राहता येत नाही, आणि ही अस्थिरता त्या परिसरातून रोज चालणाऱ्या माणसाची आहे. उणीव असेल तर ती निराळीच: ह्या चित्रांत आवाज नाही. गिरणगाव ही पाहण्याइतकीच ऐकण्याची जागा होती. भोंगा, भजन, पोवाडा, तालमीचा गलका यांनी ते बनलेले होते. पटवर्धनांची चित्रे ह्या बाबतीत, त्यांच्या स्वभावाला धरून, मूक राहतात.

४

नलिनी मलानी यांच्याकडे वळताना प्रदेशाचा संदर्भ बदलतो, पण ठिकाण फारसे बदलत नाही. १९४६ मध्ये कराचीत जन्मलेल्या मलानींचे कुटुंब फाळणीत निर्वासित झाले. काळबादेवीनजीकच्या लोहार चाळीत त्यांची कार्यशाळा होती आणि तिथल्या हमाल, फेरीवाले, कारागीर यांच्या वर्दळीतून त्यांची 'लोहार चाळ' ही चित्रमालिका घडली. म्हणजे गिरगावच्या शेजारच्या एका गल्लीकडे पाहणारी ही नजर कराचीहून आलेली आहे. मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. मंटो ह्याच शहरात राहिले आणि जानेवारी १९४८ मध्ये ते सोडून गेले. मुंबई सोडणे ही त्यांची फाळणी होती.

१९९८ च्या मे महिन्यातील पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर मलानींनी मंटोच्या कथेवरून 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' ही चलचित्र-मांडणी केली. तीत भिंतींवर चलचित्रे प्रक्षेपित होतात, दोन बायका एक साडी घडी करू पाहतात, आणि जमिनीवर मांडलेल्या बारा पत्र्याच्या ट्रंकांतून दूरदर्शनसंचांचे पडदे विस्थापनाची दृश्ये दाखवतात. पाहणाऱ्याला ट्रंकेत डोकावण्यासाठी वाकावे लागते.

ही ट्रंक मराठी प्रेक्षकाला वेगळ्या अंगाने भिडते. चाळीच्या खोलीत माळ्यावर किंवा खाटेखाली जी ट्रंक असे, तिच्यात बाराही महिने परतीची तयारी साठत असे: गावच्या माणसांसाठी घेतलेली लुगडी, औषधे, लग्नाची पत्रिका, जमिनीचे कागद. निर्वासिताची ट्रंक ज्या घरातून निघाली तिथे पुन्हा जाणार नसते; चाकरमान्याची ट्रंक सतत ये-जा करीत असते. वस्तू एकच, पण तिच्यातील काळ दोन दिशांना वाहतो. ह्या दोहोंना 'विस्थापन' ह्या एका नावाखाली एकजीव करून टाकणे हा सिद्धांताचा आळस ठरेल. मलानींच्या मांडणीचे बळ असे, की ती ह्या फरकाला पुसत नाही. टोबा टेक सिंगच्या शोकांतिकेत परतण्याची जागा नकाशावरून हलवलेली आहे. माणूस तिथेच आहे आणि जागा गेली. १९८२ नंतरच्या गिरणगावाला हे वाक्य लागू पडते, हे मात्र मांडणीच्या हेतूत नसूनही तिच्या अर्थात येते. कलाकृती आपल्या प्रदेशाबाहेरच्या इतिहासाला असा उजेड देते तेव्हा 'बाहेरच्या' नजरेविषयीची आपली शंका थोडी नम्र व्हायला हवी.

मलानींची आणखी एक कृती इथे उल्लेखनीय आहे. १९९२ मध्ये जहांगीर कलादालनाच्या इमारतीतील गॅलरी केमोल्डमध्ये त्यांनी 'सिटी ऑफ डिझायर्स' ह्या नावाने भिंतींवरच चित्र काढले आणि प्रदर्शन संपल्यावर ते पुसले गेले. नाथद्वाराच्या उपेक्षित भित्तिचित्रांकडे लक्ष वेधण्याचा त्यामागे उद्देश होता. पण मुंबईच्या संदर्भात ह्या पुसण्याला एक अधिकचा अर्थ आहे. ज्या शहरात जागेची किंमत स्मृतीपेक्षा जास्त आहे, तिथे विकत न घेता येणारे, साठवता न येणारे चित्र हा एक नैतिक पवित्रा ठरतो. ह्याच्या उलट गिरणगावात घडले. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागी बाजारसंकुल उभे राहिले आणि गिरणीची चिमणी तेवढी राखली गेली. धूर नसलेली, भोंगा नसलेली चिमणी ही त्या संकुलाची शोभा झाली. स्मृतीचा हा व्यवहार लक्षात ठेवला, तर चित्रांत वारंवार येणाऱ्या चिमणीकडे सावधपणे पाहावे लागते. चिमणी हे गिरणगावाचे सर्वांत सोपे चिन्ह आहे, आणि म्हणूनच सर्वांत लवकर विकले जाणारे.

५

समुद्रापारच्या स्थलांतराचा विचार करताना बेने इस्रायलींचे उदाहरण टाळता येत नाही; कारण 'डायस्पोरा' ह्या संकल्पनेची मूळ कथा आणि कोकणची कथा इथे एकमेकींत मिसळतात. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आलेल्या पूर्वजांची आख्यायिका सांगणारा, शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे 'शनिवार तेली' म्हणवला गेलेला, केहीमकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर अशी गावांची आडनावे लावणारा हा मराठीभाषक समाज अठराव्या शतकापासून मुंबईत येऊ लागला. मांडवीतील त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ चे. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले. तिथे १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या ज्यू असण्याविषयीच तेथील धर्मपीठाने शंका घेतली आणि १९६४ मध्ये त्यांच्या आंदोलनानंतर संसदेने त्यांना पूर्ण मान्यता दिली. जिथे 'परतायचे' म्हणून ते गेले, तिथे त्यांना आपण परत आलो आहोत हे सिद्ध करावे लागले.

मुंबईत १९६० मध्ये जन्मलेल्या, सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या आणि अमेरिकेत न्यू जर्सी येथे स्थायिक झालेल्या सिओना बेंजामिन यांची कला ह्या गुंत्यातून निघते. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात येऊन त्यांनी बेने इस्रायलींची छायाचित्रे घेतली आणि त्यांना लघुचित्रांच्या पद्धतीच्या अलंकरणाची, प्रतीकांची जोड देऊन 'फेसेस' ही मालिका केली. पुढे इस्रायलमध्ये गेलेल्या भारतीय ज्यूंवरच्या त्यांच्या मालिकेच्या शीर्षकात मातृभूमीकडून पितृभूमीकडे असा प्रवास सूचित केलेला आहे. त्यांच्या चित्रांतील निळ्या कातडीच्या स्त्रिया सर्वपरिचित आहेत. कोणत्याही एका वंशाच्या खात्यात न बसणारा असा तो रंग आहे. भारतीय प्रेक्षकाला त्यात कृष्ण दिसतो, आणि चित्रकर्तीला तो आपल्या सर्वत्र परके असण्याचा रंग म्हणून अभिप्रेत आहे.

बेंजामिन यांच्या चित्रांत अलंकरण कधीकधी इतके दाट होते, की इतिहास त्याखाली गुदमरतो. मोगल लघुचित्र, हिब्रू अक्षरे, अमेरिकन चित्रकथा हे सारे एकाच पृष्ठावर आले, की 'संकर' हे एक सुखद दृश्य होते आणि त्यामागची ओढाताण दिसेनाशी होते. परदेशस्थ कलावंतांच्या अस्मिताचित्रणातील हा सार्वत्रिक धोका आहे. हॉल ज्याला घडणारी अस्मिता म्हणतात, ती अशा वेळी घडवून ठेवलेल्या वस्तूसारखी दिसू लागते. त्यांची बलस्थाने 'फेसेस'मधील चेहऱ्यांत आहेत, कारण छायाचित्रातील माणूस अलंकरणाला विरोध करतो. नाकीडोळी कोकणातला वाटणारा माणूस आणि त्याच्या भोवतीची धर्मचिन्हे यांच्यात एक अवघडलेपण राहते. आडनावातील 'कर' हा प्रत्यय जे काम करतो, तेच काम हा चेहरा करतो. गाव सुटले, भाषा सुटत चालली, तरी प्रत्यय टिकतो. हे टिकणे म्हणजे परतणे नव्हे. पण कुठून निघालो ह्याची नोंद त्यात राहते. लालबागमधील कुडाळकर किंवा सावर्डेकर आडनावाचा माणूस आणि इस्रायलमधील पेणकर यांच्यात हे एक अनपेक्षित साम्य आहे. मराठी प्रादेशिकतेची व्याख्या करताना देशीवादी समीक्षेने मुळांवर जो भर दिला, त्यात ह्या प्रत्ययाची, म्हणजे सोबत नेता येणाऱ्या गावाची, सोय करावी लागेल.

६

अमोल पाटील यांच्या कामाकडे वळल्यावर हे सर्व धागे एका ठिकाणी येतात. १९८७ मध्ये मुंबईत जन्मलेल्या पाटील यांचे आजोबा पोवाडे रचणारे आणि वडील प्रायोगिक नाटककार होते. गाव सोडून मुंबईत कामाला आलेल्या माणसांची स्थिती हा वडिलांच्या नाट्यलेखनाचा विषय. म्हणजे त्यांच्या बाबतीत स्थलांतराचा वारसा कलेच्या रूपानेच हाती आला. गिरणगावच्या माणसाची कलावंताने घेतलेली नोंद ही एक गोष्ट. गिरणगावच्या माणसाने केलेल्या कलेला त्याच्या मुलाने दिलेले उत्तर ही दुसरी. समकालीन दृश्यकलेत ही दुसरी गोष्ट दुर्मीळ आहे.

२०२२ मध्ये जर्मनीतील कासेल येथे भरलेल्या पंधराव्या 'डॉक्युमेंटा'त पाटील यांनी 'ब्लॅक मास्क्स ऑन रोलर स्केट्स' ही मांडणी केली. पुढच्या वर्षी लंडनच्या हेवर्ड गॅलरीत 'द पॉलिटिक्स ऑफ स्किन अँड मूव्हमेंट' हे प्रदर्शन झाले. रेखाटने, शिल्पखंड, हलणाऱ्या रचना, चलचित्र, आवाज अशी त्यांची सामग्री आहे. चाकाच्या बुटांवरून रस्त्यातून जाणारा सफाई कामगार हे त्यांतील एक विलक्षण दृश्य. ज्या शरीराकडे शहर नजर टाकायचे टाळते, ते इथे खेळकर, डौलदार गतीने रस्ता ओलांडते. जातीचा प्रश्न इथे घोषणेतून येत नाही. कोणत्या शरीराला कुठे, किती वेगाने आणि कोणाच्या शेजारून जाण्याची मुभा आहे, ह्या साध्या प्रश्नातून तो येतो.

पटवर्धनांच्या चित्रांत जो आवाज नाही, तो पाटील यांच्या कामाचा गाभा आहे. चाळ ही त्यांच्या लेखी प्रथमतः कंपनांची वास्तू आहे. प्लेगनंतरच्या काळात बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेल्या चाळी असोत की गिरणीमालकांच्या, तिथल्या पातळ भिंतींतून आणि सलग सज्जांतून शेजाऱ्याचे भांडण, तालीम, रेडिओ, खोकला हे सगळे सामायिक असे. ह्या सामायिकतेचे उदात्तीकरण करण्याचा मोह मराठी साहित्याला वारंवार झाला. विनोदी चाळ-साहित्याने तिच्यातील गर्दीला गोडवा दिला. पाटील तसे करीत नाहीत. त्यांच्याकडे शरीर तुकड्यांनी येते, हात येतो, पाऊल येते, आणि संपूर्ण माणूस उभा राहत नाही. वडिलांच्या नाटकांकडे परतताना हाती संहिता येते, प्रयोग येत नाही. प्रयोग संपलेला आहे, नट पांगले आहेत, प्रेक्षकांची वस्ती बदलली आहे. परतण्याची ही मर्यादा ते झाकत नाहीत, आणि म्हणून त्यांचे काम स्मरणरंजनात घसरत नाही. हॉल यांनी सांगितलेल्या दोन रीतींपैकी दुसरी रीत इथे उदाहरणरूपाने दिसते: वारसा मिळतो तो अपुरा, आणि त्याचा उरलेला भाग आज घडवावा लागतो.

तरीही एक अडचण शिल्लक राहते आणि ती कलावंताची नाही. कासेल किंवा लंडन येथील प्रेक्षकाला हे काम 'जात', 'श्रम', 'शहर' ह्या तीन इंग्रजी शब्दांत पोचते. पोवाडा म्हणजे काय, कामगार रंगभूमीवर नाटक करणे म्हणजे दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात काय करणे होते, तालमीला जागा कशी मिळे, ह्या तपशिलांवाचून त्या कामाचा निम्मा अर्थ अडून राहतो. हे तपशील ज्यांना ठाऊक आहेत, तो लालबाग-परळमधला प्रेक्षक त्या दालनात नाही. त्याच्या स्वतःच्या रंगमंचाचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. सोशल सर्व्हिस लीगने परळला उभारलेले, १९२२ पासून कामगारांच्या नाटकांचे माहेरघर ठरलेले दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. ज्या परंपरेचा हवाला परदेशातील दालनात दिला जातो, तिचा रंगमंच इथे पडद्याआड गेला.

७

प्रेक्षकाचा प्रश्न सर्वांनी टाळला असे नाही. २००८-०९ मध्ये पटवर्धनांनी 'विस्तारणारी क्षितिजे' ह्या नावाने समकालीन भारतीय चित्रकारांच्या मूळ कलाकृतींचे प्रदर्शन महाराष्ट्रातील शहरांतून फिरवले. महानगरातील दालनांत अडकलेली चित्रे जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्याचा तो प्रयत्न होता. स्थलांतराच्या भाषेत बोलायचे तर, मुंबईने गावाकडून जे घेतले त्यातील काही परत पाठवण्याची ही कृती होती; चित्रांची मनीऑर्डरच म्हणायची. पण असे प्रयत्न व्यक्तीच्या तळमळीवर उभे राहतात आणि तिच्याबरोबर थांबतात. गिरणगावात मात्र दृश्यकलेला प्रेक्षक नाही, असे म्हणणे चुकीचे आहे. चिंचपोकळी-लालबागच्या मूर्तिशाळांसमोर आणि गणेशोत्सवातील देखाव्यांसमोर तासन्‌तास उभा राहणारा समाज पाहायला शिकलेला समाज आहे. त्या पाहण्याची आणि कलादालनातल्या पाहण्याची गाठ पडत नाही, एवढेच.

चार कलावंतांच्या ह्या विचारातून परतीची चार रूपे हाती लागतात. मलानींकडे परतणे अशक्य आहे आणि ती अशक्यता हीच स्मृतीची भूमी आहे. पटवर्धनांकडे परतण्याऐवजी थांबून राहणे आहे, बदलत्या जागेकडे चार दशके पाहत राहण्याची चिकाटी आहे. बेंजामिन यांच्याकडे परतण्याच्या जागाच अनेक आहेत आणि त्यांतील कोणतीही पुरती आपली नाही. पाटील यांच्याकडे परतणे म्हणजे पूर्वजांच्या अपुऱ्या कलेकडे जाऊन ती पुढे नेणे. ह्यांत श्रेष्ठकनिष्ठ लावणे हा हेतू नाही. परंतु दुसऱ्या विस्थापनाला भिडण्याची सर्वांत अधिक शक्यता शेवटच्या मार्गात आहे, असे मात्र नि:शंकपणे म्हणावेसे वाटते. कारण जागा हातून गेल्यावर परतण्यासाठी जे उरते ते रूप असते: पोवाड्याचे, संहितेचे, बोलण्याच्या लयीचे रूप. ते मराठी भाषेत आहे. त्याचा अर्थ लावण्याची पहिली जबाबदारीही मराठी समीक्षेचीच आहे. साहित्य हे आपले क्षेत्र आणि चित्र हे दुसऱ्या कोणाचे, ही वाटणी तिने आजवर सोयीने मान्य केली. ती मोडली नाही, तर ज्यांच्या इतिहासाची ही कला आहे त्यांना तिची माहिती भाषांतरातून घ्यावी लागेल.